टेबलावरील आगगाडी आणि मराठवाड्याचे ऋतू



आगगाडीच्या लहान प्रतिकृती तयार करणे हा विलायतेत प्रौढ माणसांचा छंद समजला जातो. त्या छंदाची चित्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना एक गोष्ट आठवत असेल. टेबलावर रूळ मांडलेले असतात, बोगदे असतात, टुमदार स्टेशन असते. आणि हिवाळ्याचा देखावा करावयाचा असला म्हणजे घरांच्या छपरांवर व झाडांच्या फांद्यांवर पिंजलेला कापूस पसरलेला असतो. तो कापूस म्हणजे बर्फ. असेच एक चित्र माझ्या नातवाने माझ्यापुढे धरले आणि विचारले, "आजोबा, आपल्याला असे करता येईल का?" मी म्हणालो, "करू. पण आपल्या देखाव्यात कापूस हा कापूसच असेल."

हे उत्तर मी सहज देऊन गेलो. परंतु त्या एका वाक्याने पुढे वर्षभर मला राबविले. त्या उद्योगाची, आणि त्याच्या निमित्ताने आपल्या भागातील आगगाडीविषयी जो विचार मला करावा लागला त्याची हकीकत आज आपणांस सांगावी असा विचार आहे. मी काही एंजिनियर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, खेड्यांतील शाळांत इतिहास आणि हस्तव्यवसाय शिकवून निवृत्त झालेला मास्तर आहे. तेव्हा माझ्या सांगण्यात कात्री-पुठ्ठा आणि सनावळ्या यांची सरमिसळ झाली तर ती आपण चालवून घ्यावी.

माझा जन्म मुरुडचा आणि आजोळ नांदेडचे. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही आजोळी निघत असू, तो प्रवास आजच्या मुलांना खरा वाटणार नाही. मुरुडहून बार्शी लाईटच्या अडीच फुटी रुळांवरून लातूर. लातुरास ते रूळ संपत. मग मोटारीने तीसेक किलोमीटर लातूर रोड. हे नाव ऐकून परका मनुष्य फसतो. लातूर रोड म्हणजे लातूर नव्हे, लातुरास जाणाऱ्याने जेथे उतरावयाचे ते ठिकाण. तेथून साडेपाच फुटी ब्रॉडगेजने परळी वैजनाथ, आणि परळीस पुन्हा गाठोडी डोक्यावर घेऊन मीटरगेजच्या गाडीत बसून परभणी, पूर्णा करीत नांदेड. एका आजोळासाठी रुळांची तीन मापे! आईला या मापांची नावे ठाऊक नव्हती. ती म्हणे, "बारकी गाडी, थोरली गाडी आणि मधली गाडी." धाकट्या भावाचा समज वेगळाच होता. 'बार्शी लाईट' या नावातला लाईट म्हणजे दिवा असे तो धरून चालला होता, आणि गाडीत रात्री दिवा धड का लागत नाही याचे त्याला मोठे कोडे होते.

टेबलावर आगगाडी मांडावयास बसलो तेव्हा हीच तीन मापे प्रथम आडवी आली. या छंदात जगभर जी प्रमाणे रूढ आहेत त्यांपैकी एक म्हणजे सत्त्याऐंशीस एक. खऱ्या वस्तूचे सत्त्याऐंशी भाग करावे आणि त्यांतील एक भाग घ्यावा. युरोपातील रूळ चार फूट साडेआठ इंच रुंदीचे. त्यांना ८७ ने भागले म्हणजे साडेसोळा मिलिमीटर येतात, आणि बाजारात मिळणारे रूळ नेमके तेवढे असतात. आपले ब्रॉडगेज त्याहून रुंद आहे. ते याच प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटर भरते, आणि तसले रूळ आयते मिळत नाहीत. म्हणून आपल्याकडील बहुतेक हौशी लोक आपले डबे युरोपी मापाच्या रुळांवर चालवून मन समजावतात. नांदेडच्या जुन्या मीटरगेजचे साडेअकरा मिलिमीटर होतात. त्याला बारा मिलिमीटरचे रूळ चालतात. आणि आमच्या बार्शी लाईटचे ७६२ मिलिमीटर भागिले ८७ म्हणजे पावणेनऊ. त्याहून लहान प्रतिकृतींसाठी जे नऊ मिलिमीटरचे रूळ तयार होतात ते येथे जवळजवळ चपखल बसतात. खऱ्या जगात जी गाडी सर्वांत उपेक्षित होती तिचेच माप टेबलावर सर्वांत बरोबर जुळले, याचा मला, खरे सांगतो, आनंद झाला. बेत ठरला : लातूर स्टेशन, अडीच फुटी रुळांचे.

आता या गाडीची जन्मकथा सांगितली पाहिजे, कारण ती ऐकल्यावाचून तिचा डबा कसा करावा हे कळत नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज एंजिनियर १८८२ साली जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीसाठी हिंदुस्थानात आला. मुंबई-मद्रास रस्त्यावर बार्शी रोड नावाचे स्टेशन होते, तेच पुढे कुर्डुवाडी झाले. बार्शी ही कापसाची व गळिताच्या धान्याची मोठी पेठ, पण मुख्य लोहमार्गापासून वीस-एकवीस मैल दूर. तेवढे अंतर माल बैलगाडीने जाई. मोठ्या मापाचा फाटा घालावा तर खर्च परवडणारा नव्हता. कॅलथ्रॉपने असे मांडले की खर्च वाढतो तो रुळांची रुंदी मोठी असल्याने आणि एका आसावर फार वजन पडल्याने. एंजिन असो, डबा असो की वाघिण असो, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यावयाचा नाही असा नियम त्याने घातला. सर्व आसांवर सारखा भार आला म्हणजे हलके रूळही पुरतात, पूलही हलके चालतात आणि तरी गाडी पुष्कळ माल ओढते. १८९५ मध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली.

या इतिहासातील एक प्रकरण मला विशेष मौजेचे वाटते. बार्शीसाठी तयार झालेली एंजिने व डबे जहाजावर चढण्यापूर्वी इंग्लंडात लीड्स शहराजवळ न्यूले येथे एक तात्पुरता लोहमार्ग मुद्दाम घालण्यात आला आणि त्यावर ही गाडी चालवून एंजिनियर मंडळींना दाखविण्यात आली. एंजिने लीड्सच्या किटसन कारखान्याची, आणि वाघिणींचे सांगाडे दाबून घडविलेल्या पोलादी पत्र्याचे. म्हणजे बार्शीच्या माळावर धावण्याआधी आमची गाडी स्वतःच एक मांडलेला देखावा होती! टेबलावर तिची प्रतिकृती करताना मला वाटे की आपण काही नवे करीत नाही. जेथून ती निघाली तेथेच तिला परत नेतो आहोत.

पुढे १९०६ साली ती पंढरपुरास पोचली, १९११ साली लातुरास आणि १९२७ साली मिरजेस. सगळी मिळून सुमारे २०२ मैलांची ही रेल्वे १९५४ साली सरकारने विकत घेतली. कॅलथ्रॉपने याच तत्त्वांवर इंग्लंडातही एक लहान रेल्वे बांधली. मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यातून जाणारी. ती १९०४ साली निघाली आणि १९३४ साली बंद पडली. जेमतेम आठ मैलांची आणि तीस वर्षांची ती गाडी. पण तिकडच्या हौशी लोकांनी तिचे डबे, तिची स्टेशने, तिचे पिवळसर रंग इतक्या वेळा आणि इतक्या प्रेमाने टेबलावर उतरविले आहेत की ती मेली असे म्हणवत नाही. तिची थोरली बहीण बार्शीची. ती शंभर वर्षे धावली. तिची प्रतिकृती लातुरात कोणाच्या घरी आहे असे मी तरी ऐकले नव्हते.

या छंदाचाही थोडा इतिहास आहे. जर्मनीतील मेर्कलिन या खेळणी करणाऱ्या कारखान्याने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठराविक मापांचे रूळ मांडले, तेव्हापासून एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळांवर चालू लागली. तोवर ते खेळणेच होते. गाडीभोवतीचा मुलूख उभा करण्याची दृष्टी पुढे आली. इंग्लंडात जॉन अहर्न याने एका काल्पनिक दरीतली गाडी तिच्या गावांसह उभी केली. आणि रॉय इंग्लंड नावाचा एक ऑस्ट्रेलियन तरुण १९२५ साली इंग्लंडात आला. तेथील गवताच्या छपरांची जुनी खेडी डोळ्यांदेखत नाहीशी होताना पाहून ती प्रत्यक्ष मापे घेऊन लहान प्रमाणात जपून ठेवण्याचा ध्यास त्याने घेतला. त्यातून १९५४ साली पेंडन नावाचे संग्रहालय निघाले. तेथे घर म्हणजे अमुक गावातले अमुक घर. आगगाडी ही त्या मुलखातून जाते इतकेच.

आपल्याकडे पुण्यास कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ साली उघडलेले लघुरेल्वेचे संग्रहालय आहे. मी दोन वेळा मुलांची सहल घेऊन तेथे गेलो आहे. सिग्नल बदलतात, गाड्या एकमेकींना चुकवून जातात, दिवे मालवले म्हणजे सारे नगर उजळते. मुले तेथून हलत नाहीत. ते नगर कल्पनेतले आहे आणि तसेच ते असावे. यंत्राची करामत दाखविणे हा तेथला हेतू आहे व तो उत्तम साधला आहे. मला मात्र पेंडनची वाट धरावयाची होती.

आणि आपल्याला ही विद्या परकी आहे असे तरी कोठे आहे? पुण्याकडे दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव पेरून हिरवळ उगवतात. आमच्या मराठवाड्यात भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा त्यांच्यापुढे बायका जाते, विहीर, बाजार, बैलगाडी असा सारा गाव मांडतात. पोळ्याला मातीचे बैल होतात. ऋतूप्रमाणे लहानसे जग मांडावे आणि तो ऋतू सरला की मोडावे, हे आमच्या घरोघर चालत आले आहे. त्यात रूळ तेवढे नव्हते.

असो. एक सहा फुटी आणि दुसरे चार फुटी, अशी दोन टेबले जुळविली. हिशेब केला तर खरा एक मैल या प्रमाणात साडेअठरा मीटर होतो. लातूर ते हरंगुळदेखील घरात मावणार नाही! म्हणून स्टेशन, त्याच्या मागे गंजगोलाईकडे जाणारा रस्ता आणि बाहेरची पाच-सात शेते, एवढेच घ्यावयाचे ठरले. डबे आधी घेतले. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा या कामास फार चांगला. कॅलथ्रॉपच्या मालाच्या वाघिणी एकाच मापाच्या, पंचवीस फूट लांब व सात फूट रुंद. प्रमाणात त्या पावणेनऊ सेंटिमीटर लांब आणि अडीच सेंटिमीटरांहून किंचित कमी रुंद होतात. चाके विकतची. उतारूंच्या डब्यांत आगकाडीच्या बाकड्या बसविल्या, खिडक्यांना आडवे गज लावले ते तांब्याच्या केसाएवढ्या तारेचे. एका डब्यास एक महिना लागला. नातू पहिल्या डब्यानंतर कंटाळला आणि तिसऱ्यानंतर माझ्याहून तरबेज झाला.

डबे झाल्यावर स्टेशनच्या आवाराचा नकाशा काढावयास बसलो, आणि येथे माझी मान खाली गेली. लातूरचे जुने स्टेशन गावात, बाजाराच्या लगत होते. मुरुडच्या शाळेत असताना मी तेथे शेकडो वेळा उतरलो. पुढे शिक्षक झालो. तीस-बत्तीस वर्षे मुलांना अकबराची मनसबदारी आणि फ्रान्सची राज्यक्रांती शिकविली. त्यांतील काही वर्षे तर स्टेशनपासून पायी दहा मिनिटांवरच्या शाळेत. पण टेप हाती देऊन मुलांना फलाटाची लांबी मोजावयास नेले असे एकदाही झाले नाही. लोहमार्ग रुंद करण्याचे काम निघाले. २००७ साली लातूर-उस्मानाबाद आणि २००८ साली कुर्डुवाडीपर्यंत ब्रॉडगेज झाले. नव्या मार्गाने उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, रुळांवर आले. लातूरचे स्टेशन गावाबाहेर गेले. हे सर्व झाले ते योग्यच झाले. रुंद रुळांसाठी मराठवाड्याने किती वर्षे मागणी केली, गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या नेत्यांनी ती कशी लावून धरली, हे आपण जाणताच. पण जुने उखडले जाताना त्याचे माप घेऊन ठेवणे हे इतिहासशिक्षकाचे काम होते. मी ते केले नाही.

आठवणीने नकाशा काढला. मग कोणी सुचविल्यावरून बार्शी लाईटवर सांधेवाला म्हणून नोकरी केलेल्या एका ऐंशीपलीकडच्या गृहस्थांना घरी बोलावले. सांधेवाला म्हणजे रुळांचा सांधा फिरवून गाडी या मार्गावरून त्या मार्गावर घालणारा. ते आले, टेबलाभोवती एक फेरी मारली, आणि म्हणाले, "मास्तर, तुमचं स्टेशन आरशातलं हाय." मी मालधक्का उजवीचा डावीकडे केला होता. ज्या बाजूच्या खिडकीशी मी लहानपणी बसत असे तीच बाजू माझ्या मनात कायमची उजवी होऊन बसली होती! सगळे रूळ उकरून पुन्हा घातले. नंतर ते दर गुरुवारी येत. एंजिनाला पाणी देणारा सोंडेसारखा नळ नेमका कोठे होता, हे मात्र त्यांना बोटाने दाखविता येईना. "जाग्यावर गेलो की सांगतो," म्हणत. जाग्यावर जाण्याचा बेत दोनदा ठरला, दोनदा राहिला. मागल्या आषाढात ते गेले. टेबलावर त्या नळासाठी सोडलेली जागा तशीच आहे.

वर्ष आणि ऋतू ठरविण्यावरून घरात वाद झाला. सुनेचे म्हणणे श्रावण घ्यावा; हिरवेगार दिसेल. नातवाला आषाढी हवी होती, डब्यांच्या टपांवर बसलेले वारकरी करावयाचे म्हणून. मी मार्गशीर्ष धरून बसलो, आणि साल १९३५ च्या आसपासचे. कारण सांगतो. ही गाडी लातुरापर्यंत आली ती श्रावणाचे सौंदर्य पाहावयास नव्हे. ती आली कापसासाठी आणि गळितासाठी. मार्गशीर्षात कापूस वेचणीस येतो, सरकी काढून गठाणी बांधल्या जातात, मालधक्का भरून जातो. आषाढात तीच गाडी माणसांची होते. त्या काळी हिंदुस्थानातील बहुतेक रेल्वे यात्रेच्या दिवसांत डबे अपुरे पडले की मालाच्या वाघिणींत माणसे भरीत. बार्शी लाईट त्याला अपवाद नव्हती. म्हणजे ज्या वाघिणीत मार्गशीर्षात गठाणी, त्याच वाघिणीत आषाढात टाळकरी. ऋतू बदलला की गाडी बदलते. नुसत्या झाडांचा रंग बदलून भागत नाही. एकाच स्टेशनात श्रावणाची झाडे आणि मार्गशीर्षाच्या गठाणी ठेवल्या तर तो देखावा सुंदर होईल, पण खोटा होईल.

शेते करण्यात जो वेळ गेला तो सर्वांत सुखाचा. काळी माती खरीच घेतली. उन्हात वाळवून, जुन्या धोतरातून दोनदा चाळून, सरसाच्या पातळ पाण्यात कालवून फळीवर थापली. सकाळी पाहतो तो सगळ्या शेताला भेगा! नातू रडकुंडीला आला. मी मात्र थक्क होऊन पाहत राहिलो. ओली असताना फुगावे आणि वाळताना आकसून फाटावे हा या मातीचा स्वभाव. तिला प्रमाण सत्त्याऐंशीस एक आहे की एकास एक, याच्याशी कर्तव्य नव्हते. रंगाने काढलेल्या भेगा इतक्या खऱ्या दिसल्या नसत्या. मार्गशीर्षासाठी माती थोड्या राखेने मऊ करून पुन्हा थापावी लागली. पण ती भेगाळलेली फळी मी फेकली नाही, तिचे पुढे काम पडले.

शाळू केला नारळाच्या काथ्याचा, हिरव्या रंगात बुडवून. सहा फुटी ताट या प्रमाणात दोन सेंटिमीटर भरते. जवसाची निळी फुले रांगोळीच्या रंगाची चिमूट टाकून साधली. झाडांना वाळलेल्या तुळशीच्या मंजिऱ्यांइतके सुंदर साहित्य जगात नाही. आणि कपाशीच्या बोटाच्या पेराहूनही लहान झाडांवर सुईच्या अग्राने चिकटविला तो खराच कापूस. सोयाबीन मात्र कोठेही नाही. आज लातूर म्हटले की सोयाबीन डोळ्यांपुढे येते. पण ते आमच्या रानात आले गेल्या चाळीसेक वर्षांत. १९३५ च्या शेतात ते पेरले असते तर स्टेशनावर मोबाइल टेलिफोन ठेवल्यासारखे झाले असते.

एका शेतात कडब्याची कोप आहे, तिच्यात चुन्याने रंगविलेले पाच मोहरीएवढे खडे आहेत. ते पाच पांडव. वेळा अमावास्येला, आम्ही जिला येळवस म्हणतो त्या दिवशी, लातूर-धाराशिवकडचा शेतकरी सहकुटुंब शेतात जातो, आंबील, भज्जी, उंडे यांचे जेवण होते, आणि गावात चिटपाखरू उरत नाही. पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना हा सण ठाऊक नसेल. येथे एक अडचण आली : येळवशीच्या दिवशी स्टेशनावर कोण असणार? सांधेवाले आजोबा म्हणाले, "गाडी जायची की, पण रिकामी." म्हणून आम्ही आदला दिवस धरला. फलाटावर माणसे आहेत, आणि शेतात कोप बांधून तयार आहे.

आणखी एक माणूस फलाटावर आहे. त्याला ठेवावे की नाही यावर मी चार दिवस विचार केला. लातूर निजामाच्या राज्यात, बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. चाळीस-पन्नास मैलांच्या या प्रवासात राज्य बदले, हाली नाण्याचा मुलूख संपून कलदाराचा सुरू होई, आणि मालावर निजामाची जकात, तिचे नाव करोडगिरी. माझ्या लहानपणी म्हातारी माणसे हा शब्द एखाद्या रोगाचे नाव घ्यावे तसा घेत. देखाव्यात टोपीवाला अंमलदार एका बाईचे गाठोडे सोडायला लावतो आहे. दोन सेंटिमीटरांची बाई, तिच्या गाठोड्यात काय आहे ते दिसत नाही. सून म्हणाली, "एवढ्या छान देखाव्यात हे कशाला?" मी ते काढले नाही. कापूस ज्या वाटेने गेला त्या वाटेवर तो अंमलदार होता.

नांदेडचे आप्त देखावा पाहावयास आले तेव्हा त्यांनी तक्रार केली की यात आमचे काहीच नाही. तक्रार रास्त होती. मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत गोदावरीच्या खोऱ्यातून सुमारे ३९० मैलांचा मीटरगेज लोहमार्ग पडला तो १९०१ पर्यंत, म्हणजे १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळाच्या पाठीवर. त्या मार्गाने नांदेडचा कापूस गेला, त्याच मार्गाने हुजूर साहिबच्या दर्शनाला दूरदूरचे शीख यात्रेकरू आले. तेथेही आता सारे ब्रॉडगेज आहे, आणि २००३ पासून नांदेड हे रेल्वेच्या विभागाचे ठाणे आहे. मी त्यांना म्हणालो, बारा मिलिमीटरचे रूळ आणि तिसरे टेबल तुम्ही आणा, मार्गशीर्ष माझ्याकडून घ्या. अद्याप टेबल आलेले नाही.

राहिली ती भेगाळलेली फळी. नातवाने ती चार फुटी टेबलावर बसविली आणि म्हणाला, "आजोबा, हा २०१६ चा चैत्र." त्या वर्षी तो चार वर्षांचा होता, नळाला महिना महिना पाणी नव्हते, एवढेच त्याला आठवते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन पहिली गाडी निघाली आणि १२ तारखेस लातुरात आली. दहा टाक्या, दर टाकीत पन्नास हजार लिटर, एकूण पाच लाख लिटर. पुढे पन्नास टाक्यांची गाडी येऊ लागली. मी त्या रात्री स्टेशनावर गेलो होतो. लोक टाक्यांना हात लावून पाहत होते. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर : मोठ्या अंशी ही वाट कॅलथ्रॉपच्याच गाडीची. लातुरातून माल बाहेर नेण्यासाठी जी वाट पडली, तिच्यावरून शंभर वर्षांनी लातुरास पाणी आले. पाच टनांच्या आसांवर ते आले नसते. एका टाकीत पाणीच पन्नास टन होते. जुन्या गाडीच्या प्रेमात पडलेल्या मला हा हिशेब नातवानेच करून दाखविला.

आणि जेथे एके काळी डब्यांत सर्वांत लहान डबा दिसे, त्याच हरंगुळजवळ आता रेल्वेचे डबे तयार करण्याचा कारखाना आहे. २०१८ साली त्याची कोनशिला बसली आणि २५ डिसेंबर २०२० रोजी पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. आगकाडीच्या बाकड्या करणारा माझा नातू म्हणतो, मी तेथे काम करणार. म्हणो बापडा.

सध्या आम्ही पाण्याच्या टाक्या करीत आहोत. औषधाच्या गोळ्यांच्या डब्या त्याला बऱ्या पडतात. या गाडीचे रूळ साडेसोळा मिलिमीटरचे, शेजारच्या टेबलावरचे नऊचे. नातवाचा हट्ट आहे की दोन्ही टेबले रुळांनी जोडावी. मी म्हणतो, जोडता येत नाहीत, मापच निराळे. तो म्हणतो, मग मध्ये फलाट करू, इकडची माणसे उतरून तिकडे चढतील, तुम्ही परळीला चढत होता तशी. गेले दोन आठवडे त्या फलाटाची लांबी किती असावी यावर आमचे एकमत होत नाही.